मालकाची छाती अन् नागपूरची नळी

२ फेब्रुवारी १९६७, वडनेर भोलजी

घरात मोठ्यानं बोलायची बंदी आहे. भांडं आपटायची बंदी आहे. कोंबडं लवकर आरवलं तं आत्याबाई, म्हणजे माह्या सासूबाई, त्याच्याही अंगावर धावतात. काऊन, तं यायले हृदयाचा रोग झाला. म्हणून मी माह्या पोरीच्या, कौशल्येच्या जुन्या वहीत लिहून राह्यली. कुठं तरी बोलाच लागते नं माणसाले, नाही तं मी फुटून मरन.

यायले म्हणजे आमच्या मालकाले, अर्जुनरावले. पोळ्याच्या दुपारी पुरणपोळ्या अन् तूप हाणलं, हे आडवे झाले, अन् छातीत कळ आली. घाम फुटला. मलकापूरच्या डॉक्टरनं नाडी धरली, कपाळाले आठ्या घातल्या अन् म्हटलं, "हृदय कमजोर आहे. जपा. राग येऊ देऊ नका, चिंता देऊ नका." बस्स. तवापासून हे खाटेवर, अन् आमी सारे खाटेभोवती. पोळ्या किती खाल्ल्या ते डॉक्टरनं इचारलं नाही. वाढणारी मी होती, मले इचाराले पाह्यजे होतं.

दुखते कवा, ते मी रोज पाहतो. जेवून आडवं झाल्यावर दुखते. वाकून जोड्याचा बंद बांधला का दुखते. घशाशी आंबट पाणी येते. अन् परवा खोंड सुटला तं हे त्याच्यामागं नाल्यापर्यंत पळत गेले, कासरा धरून आणला, छातीत काही झालं नाही. मी हे सांगतलं. तं आमचे दीर पंजाबराव म्हणतात, "वयनी, तुमी डागदरीण कवा झाल्या?" अन् सारे हसले. हेही हसले. हसतानी हृदयाले काही होत नाही वाटते.

९ फेब्रुवारी

आज ठेचा मागितला. मी नाही म्हटलं. यायनं छातीवर हात ठेवला. देला.

१४ फेब्रुवारी

माय वं! आज तं कहरच झाला.

पंजाबरावनं कौशल्येसाठी स्थळ आणलं. पिंपळगाव राजाचं, त्यायच्या सासुरवाडीच्या नात्यातलं. पोरगा बरा असीन, मले त्याच्याशी वैर नाही. पण आमची कौशल्या मॅट्रिक झाली. घराण्यात पोरीच काय, पोरंही झाले नाही इतकं शिकली. जूनमधी तिले मास्तरणीच्या ट्रेनिंगले खामगावले जायचं आहे, जागा भेटली आहे. हे स्वतः तिले घेऊन गेले होते फारम भराले. येतानी मिठाई आणली होती. ते सारं कुठं गेलं?

आज हे उशीले टेकून म्हणतात, "माहे डोळे मिटायच्या आत पोरीच्या अंगावर अक्षता पडू द्या. मंग मी सुखानं मरतो." आत्याबाई डोळ्याले पदर लावून रडू लागल्या. पंजाबराव म्हणे, अखाजीनंतर, वैशाखातच मुहूर्त आहे. मी म्हटलं, पोरीले तं इचारा. तं हे छातीवर हात ठेवून डोळे मिटून बसले. झालं! मलेच सारे खाऊ का गिळू करून राह्यले. जसं काय मीच यायचं हृदय मुठीत घेऊन पिळलं.

कौशल्या सूप घेऊन तूर पाखडत बसली. पाखडलेलीच तूर पुन्हा पाखडत होती.

हे हृदय नाही. हे हत्यार आहे. ज्याले ते भेटलं त्याले घरात काहीही करता येते.

२१ फेब्रुवारी

देव आहे म्हणाव. नणंद गीताबाईचे मालक महादेवराव नागपूरवरून आले. ते तिथल्या मोठ्या दवाखान्यात कामाले आहेत. यायले पाहून म्हणे, "दादा, आमच्या इथं सईद डॉक्टर आहेत, मुंबईले शिकून आले. छातीचं दुखणं हृदयाचं आहे का जेवणाच्या नळीचं आहे, ते तपासतात. नाकातून नळी टाकतात."

नळी म्हटल्याबरोबर आत्याबाई उठूनच उभ्या राह्यल्या. हे म्हणे, मी जात नाही. मी आज ठरवलंच होतं. डोक्यावरचा पदर सारखा केला अन् साऱ्यायसमोर म्हटलं, "नागपूरच्या डॉक्टरनं हृदय म्हटलं तं पोरीच्या लग्नाची सुपारी मी स्वतः फोडीन. पण तोवर सुपारी फोडायची नाही."

एवढं मी लग्न होऊन आली तवापासून बोलली नव्हती.  मंग महादेवरावनं पिल्लू सोडलं, "दादा, वडनेरातून त्या डॉक्टरकडं गेलेले तुमी पहिलेच होसान." यायचे डोळे चमकले. "पहिलेच काय?" म्हणे. निघाले मंग. बढाईच्या पुढं नळी बारीक झाली.

पंजाबराव पण पक्का. त्यानं लगेच ठरवून टाकलं, ११ मार्चले पिंपळगावचे पाहुणे येतीन. तोवर तुमी परत या. नागपूरनं हृदय म्हटलं, का त्याच पाटावर सुपारी.

६ मार्च, नागपूर

गीताबाईच्या घरी उतरलो. दोन खोल्या अन् एक न्हाणी, पण माणसं गोड.

आज सईद डॉक्टरनं पाह्यलं. तरणा माणूस, चष्मा, आवाज मऊ. हृदयाच्या मशीनीचा कागद काढला, लांबच लांब. पाहून म्हणे, "कागद साफ आहे." यायचं तोंड उतरलं. मी पाह्यलं ना! दुसरा कोणी असता तं देवाले हात जोडले असते. हे म्हणतात, "साहेब, नीट पाहा. मशीन जुनी असीन."

मंग डॉक्टरनं मले इचारलं. मले! म्हणे, बाई, घरी तुमी पाहता, कवा दुखते? मी सारं सांगतलं, जेवण, आडवं होणं, जोड्याचा बंद, खोंड, आंबट पाणी. ते लिहून घेत होते. सहा महिने जे कोणी ऐकलं नाही ते एक परका माणूस लिहून घेत होता, अन् मले रडू येऊन राह्यलं होतं. रागानं. दुसरं काही नाही.

त्यायनं समजावलं. पोटात अन्न जिरवाले एक तेजाब असते. ते पोटातच राह्यलं पाह्यजे. काही लोकायचं वर चढते, जेवणाच्या नळीत, अन् मंग छाती अशी जळते का माणसाले वाटते हृदय गेलं. उद्या नाकातून बारीक रबरी नळी त्या जागेपर्यंत सोडू. पाठीमागं दोन बाटल्या टांगू, एक मिठाच्या पाण्याची, एक पातळ केलेल्या तेजाबाची. कोणती चालू आहे ते रोग्याले सांगत नाहीत. तेजाबानं घरच्यासारखंच दुखलं तं रोग पकडला. "सकाळी पोट कोरं पाह्यजे. पाण्याचा घोटही नको," असं त्यायनं दोनदा बजावलं.

७ मार्च

कोणाकोणाच्या नावानं बोटं मोडू?

सकाळी निघालो. मी आत पिशवी बांधत होती. उंबऱ्यावर गीताबाईनं यायच्या तळहातावर दही-साखर ठेवली. भाऊ मोठ्या कामाले चालला, कोरड्या हातानं कसा पाठवावा! अन् एकदाच देऊ नये म्हणून आणखी एकदा देली. लाडका भाऊ म्हणून चांगली भरभरून. यायनं चाटूनपुसून खाल्ली. मले कोणी सांगतलं नाही.

दवाखान्यात डॉक्टरनं इचारलं, "बाबा, काही खाल्लं?" हे म्हणे, "देवाशपथ नाही." नर्सबाईनं नळी नाकात घातली, घशाशी गेली, अन् यायनं जी ओकारी काढली! सारं दही डॉक्टरच्या पांढऱ्या कोटावर.

डॉक्टर म्हणे, "ये क्या है? तुमी तं काही खाल्लं नव्हतं."

"खाल्लं नाही साहेब."

"मंग हे काय आहे?"

"हे तं दही-साखर होय."

"ते खाणं नाही?"

"छे! तो शकुन असते."

डॉक्टरनं कोटाकडं पाह्यलं, मंग माह्याकडं पाह्यलं. मले वाटलं फरशी फाटावी अन् मी आत जावं. "परवा या," म्हणे, "अन् शकुन घरी ठेवून या."

परवा म्हणजे ९. अन् ११ ले पाहुणे पाटावर बसणार. एक दिवस इकडंतिकडं झाला असता तं माह्या पोरीचं खामगाव गेलंच होतं, वाटीभर दह्यात. घरी आल्यावर मी गीताबाईले काय काय बोलली ते इथं लिहीत नाही. ती बिचारी रडाले लागली. "वयनी, दह्यानं कोणाचं वाईट झालं कधी?" हे खाटेवरून म्हणतात, "तिले बोलू नको, मले तरास होते." हात छातीवर. त्या हाताले तं मी एक दिवस बांधूनच टाकीन!

९ मार्च

झाली तपासणी. 

आज सकाळी मी यायचा हात धरून उंबऱ्याबाहेर काढलं, गीताबाईले सैपाकघरातून येऊच देलं नाही. नळी गेली. यायच्या डोळ्यातून पाणी, पण गेली. यायले खुर्चीवर ताठ बसवलं. पाठीमागं दोन बाटल्या. मले तिथंच स्टुलावर बसाले सांगतलं होतं, पण हे माह्या तोंडाकडं टक लावून पाहू लागले. माह्या डोळ्यावरून वळखाचं होतं कोणती बाटली चालू आहे ते! डॉक्टर हुशार. म्हणे, "बाई, तुमी भिंतीकडं तोंड करून बसा." बसली भिंतीकडं तोंड करून. लग्नापासून तेच करून राह्यली म्हणा.

पहिले काहीच झालं नाही. डॉक्टर इचारत होते, "काही वाटते?" हे म्हणे, "थंड वाटते." बराच वेळ गेला. मले पलस्तराचे पोपडे पाठ झाले.

मंग एकाएकी हे कण्हू लागले. "आलं. आलं! हेच ते! अवं कौशल्येची माय, हेच ते दुखणं!" मी वळली. घामानं निथळत होते, तोंड पांढरं. डॉक्टर शांत उभे. "घरी होते तेच का? बरोबर तेच?" हे म्हणे, "तेच साहेब, पण आज मारून टाकते. मी चाललो." अन् माहा हात असा धरला का बांगडी पिचकली.

नाकात नळी, आवाज घोगरा, अन् तशात म्हणाले, "माहा बाप असाच गेला. याच वयात, छाती धरून. माय उघड्यावर पडली. काकायनं आमाले वर्षभर ओसरीवर जेवाले वाढलं. मी मेलो तं पंजाब तुले अन् पोरीले भाकर देणार नाही. म्हणून उजवून टाकत होतो तिले. पोरगी तं तिच्या घरी सुखात राहीन. समजून घे वं."

मी मोकळ्या हातानं पदर घेऊन यायच्या कपाळाचा घाम पुसला. 

डॉक्टरनं मागं हात नेऊन चिमटा फिरवला. बाटली बदलली. मंग घोटभर पांढरं औषध देलं. हळूहळू यायचा हात सैल झाला. हे इकडंतिकडं पाहू लागले. "गेलं," म्हणे. "कुठं गेलं?"

डॉक्टर हसले. "तेजाब होतं बाबा. तुमचं हृदय बैलासारखं आहे. जेवणाची नळी जळते. खाटेच्या उशाकडच्या पायाखाली विटा ठेवा. जेवून लगेच आडवं होऊ नका. मिरची, तळलेलं, तंबाखू बंद. ह्या चुन्यासारख्या गोळ्या चावून खा."

मले आनंदानं नाचाले पाह्यजे होतं. पण मी बाहेर बाकावर बसून रागानं कापत होती. सहा महिने ही भीती पोटात घेऊन बसला हा माणूस, अन् मले सांगतली नाही! खाटेच्या बाजूले मी, ताट वाढाले मी, पाठ चोळाले मी. माहा भाऊ तुमाले भाकर देणार नाही, हे एक वाक्य बोलाले नाकात नळी घालावी लागली. आधी सांगतलं असतं तं मी म्हटलं असतं, अवो, म्हणूनच तं पोरीले मास्तरीण होऊ द्या. तिची भाकर तिच्या हातात राहीन, माहीही. एवढं साधं आहे. पण नाही. मरणाची भीती मले दाखवाची, अन् मरणाची गोष्ट कोणाजवळच बोलाची नाही.

१० मार्च, गाडीत

अक्षर हलते.

अकोला गेल्यावर हे हळूच म्हणे, "एक आयकतं का? घरी सांगू नको."

"काय सांगू नको?"

"हे आंबटाचं. तेजाबाचं."

हे म्हणे, "सारं गाव पाहाले येऊन गेलं. पंजाबनं आपली पेरणी सोडून माही केली. मायनं नवस बोलला. अन् आता सांगू का मले पुरणपोळी चढत होती? लोक मले चावडीवर बसू देतीन? पोट्टे मागं आंबट ढेकर देतीन."

मी म्हटलं, अवो, तुमी वाचले! कोणी वाचल्याची लाज धरते? तं म्हणे, "तुले बाईले नाही समजत."

नाही समजत. खरंच नाही समजत. मी खिडकीतून बाहेर पाहत होती अन् दात आवळून दाढा दुखल्या. सारा डबा आयकन असं ओरडावं वाटलं. शेगाव गेलं, नांदुरा आलं. अन् नांदुऱ्याच्या फलाटावर उतरतानी मले वाटलं, काऊन नाही? ठेवा तुमचं हृदय. आजपासून ते माह्या ताब्यात.

११ मार्च

सारं जसंच्या तसं लिहितो.

पाहुणे सकाळीच आले. पाट मांडलेला, सुपारी ताटात. पोराचा बाप, मामा, गावातले चार जुने माणसं. कौशल्येले आत्याबाईनं लुगडं नेसवून बसवलं होतं. तिचं तोंड पाहवत नव्हतं.

पंजाबराव म्हणे, "बोला दादा, काय म्हणे नागपूर?"

यायनं माह्याकडं पाह्यलं. तोंडात गोळी होती, चावणंही थांबलं. कुत्रं भाकरीकडं पाहते तसे डोळे. मी पदर घेतला अन् दाराआडून नाही, चांगली चौकात येऊन बोलली.

"हृदयच आहे. अन् मलकापूरच्यानं सांगतलं त्याच्यापेक्षा भारी आहे. नाकातून नळी घालून पाह्यलं. मोठ्या डॉक्टरनं बजावलं आहे, दोन वर्सं घरात कार्य करायचं नाही. वाजंत्री, गर्दी, पोरीची पाठवणी, यातलं काहीही झालं का त्याच मांडवात खेळ खलास."

आत्याबाईनं तोंडावर हात मारला. पोराचा मामा ताटातली सुपारी पाहू लागला. पंजाबराव म्हणे, "पण दादाच म्हणत होते का डोळ्यादेखत…" मी म्हटलं, "भाऊजी, तुमाले कार्य पाह्यजे का भाऊ?" 

"खरं का अर्जुनराव?" पोराच्या बापानं इचारलं.

हे काय म्हणणार? हात आपोआप छातीवर गेला. मान हालवली. "हाव," म्हणे. "डॉक्टर लय मोठा आहे."

आत्याबाईनंच हात जोडून पाहुण्यायले सांगतलं, बाप्पा, तुमी दुसरीकडं पाहा, माहा लेक आधी. पोरगी घरात नुसती बसून काय करन, म्हणून मीच म्हटलं, तिले खामगावले जाऊ द्या, तेवढीच घरातली वर्दळ कमी. डॉक्टरनं शांतता सांगतली आहे. आत्याबाई म्हणे, "हो हो, जाऊ दे तिले, गलबला नको."

असं झालं. दहा मिनटात. खरं बोलली तं सहा महिने हसत होते. खोटं बोलली तं हात जोडले. मी जिंकली, अन् मले इतका राग आला का चुलीवरचं आंधण उतरवताना हात भाजला तेही समजलं नाही.

कौशल्या मागून येऊन बिलगली. "माय, बाबा खरंच…?" मी म्हटलं, "तुहे बाबा शंभर वर्सं जगतात. तू पेटी भर." तिनं माह्या तोंडाकडं पाह्यलं, मंग एकदम पदर तोंडात कोंबला. हसत होती का रडत होती, देव जाणे.

३ एप्रिल

खाटेखाली विटा लावल्या. गाव पाहाले येते. हे सांगतात, हृदयाचं रक्त पायाकडं राहाव म्हणून. कोणी इचारलं नाही का मंग मिरची काऊन बंद. मी खुशाल आळणी वाढतो. आज ठेचा मागितला. हात छातीवर नेला. मी म्हटलं, "अवो, पंजाबरावले बोलावू का? सांगू का कुठं दुखते ते?" हात खाली आला. आळणी वरण मुकाट खाल्लं. महिना होत आला, दुखणं उठलं नाही.

१९ जून

आज कौशल्या खामगावले गेली.

मोटारीच्या थांब्यापर्यंत तिची पेटी न्यायची होती. पत्र्याची, वर गादीची वळकटी बांधलेली. पंजाबराव कामाचं निमित्त करून शेतात गेला होता. यायनं पेटीले हात लावला, उचललीही होती. चांगली खांद्यापर्यंत. यायच्या अंगात ताकद आता पहिल्यापेक्षा जास्त आहे, झोप होते, जेवण जिरते. पण समोरून चावडीवरचे लोक येताना दिसले. यायनं पेटी खाली ठेवली. माह्याकडं पाह्यलं.

मी पदराची चुंबळ केली. कौशल्या म्हणे, माय मी घेतो. मी म्हटलं, तू आज काहीच उचलायचं नाही. पेटी डोक्यावर घेतली अन् चालू लागली. हे बाजूनं, हात छातीवर, पाय हळूहळू टाकत. घाम माह्या डोळ्यात जात होता अन् पुसाले हात मोकळा नव्हता.

चावडीवरचे सारे उठून उभे राह्यले. एक जण यायचा दंड धरून सावलीत घेऊन गेला. दुसऱ्यानं पाणी आणलं. म्हणे, "अशा तब्येतीतही पोरीले पोचवाले आला. बाप असावा तं असा." मी पेटी डोक्यावर घेऊन तिथंच उभी होती, मोटार यायची होती.